गाऱ्हाणी कुठे गेली? एका वाचनालयाच्या फायलींचं प्रकरण

दुकानाचं शटर अर्धं ओढलं होतं आणि गुरुजींचा फोन आला. "रे, माझी गाऱ्हाणी खंय गेली?"

घाटावरच्या माणसाला वाटेल, कुणाच्या तक्रारींची फाईल हरवली. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे कार्याला हात लावण्याआधी देवापुढे घालायचं साकडं. एकजण म्हणत जातो आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्यावर 'व्हय म्हाराजा' म्हणतात. गुरुजी शाळेतून निवृत्त झाल्यापासून सिंधुदुर्गातल्या जत्रा फिरून ही गाऱ्हाणी रेकॉर्ड करतात. सोबत फुगडीची गाणी, लग्नातल्या ओव्या, दशावतारातली पदं, रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं, ओढताना माणसं घालतात ते हाकारे. हे सगळं धन त्यांनी वेंगुर्ला तालुक्यातल्या आपल्या गावच्या वाचनालयाला दिलं होतं. ते वाचनालयात नीट बसवून देण्याचं काम माझं. मी कुडाळात कॉम्प्युटर दुरुस्ती आणि असली सटरफटर कामं करतो.

गाऱ्हाणी हरवली ती माझ्या हातून, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं सगळं त्या चुकीचा माग आहे.

मांडणी काय होती

गुरुजींचा पुतण्या मुंबईला असतो, ध्वनिमुद्रणाचंच काम करतो. रेकॉर्डिंग साफ करून, नावं घालून तो ती एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवायचा. त्याच्याकडे मॅक. डिस्क बरीच जुनी, म्हणून तिच्यावरची फाइलसिस्टिमही (डिस्कवर फायली आणि नावं ठेवायची पद्धत) मॅकची जुनी, म्हणजे एचएफएस प्लस. ॲपलने ती १९९८ साली आणली आणि २०१७ला एपीएफएस येईपर्यंत सगळ्या मॅकवर तीच चालायची.

वाचनालयात एकच कॉम्प्युटर, विंडोजचा. ग्रंथपाल ताई त्यावर एक्सेलमध्ये सूची करतात. गुरुजींच्या वहीत पाहून आणि पुतण्याच्या स्क्रीनवर पाहून त्यांनी प्रत्येक फाइलचं नाव जसंच्या तसं मराठीत टाइप केलं होतं. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर, न बघता. एका ओळीचा टायपो शोधून दाखवा म्हटलं तर मला दिवस लागला असता.

या दोघांच्या मधे मी एक जुना डेस्कटॉप उभा केला. त्यात लिनक्स, ईएक्सटी४ फॉरमॅटची दोन टेराबाइटची डिस्क, आणि विंडोजला ती नेटवर्कवर दिसावी म्हणून साम्बा. डबा खिडकीपासून लांब, इन्व्हर्टरवर. खाऱ्या वाऱ्याने इथे दोन पावसाळ्यांत रॅमचे सोनेरी दात काळे पडतात, त्यामुळे त्याला आतल्या खोलीतलं कपाट मिळवून देण्यात माझा निम्मा दिवस गेला. फायलींच्या नावांचा विचार करण्यात मी पाच मिनिटंही घातली नाहीत.

पुतण्या गणपतीत गावी आला तेव्हा त्याच्या मॅकला डिस्क जोडली आणि रात्री आरसिंकने, म्हणजे फायलींची नक्कल एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या प्रोग्रामने, सगळं लिनक्सच्या डब्यावर ढकललं. १,८६२ फायली. सकाळी उठून पाहिलं तर काम संपलेलं, मॅक झोपलेला. मी पडद्यावरची आरसिंकची खिडकी बंद केली आणि मोदक खायला गेलो. त्या खिडकीत शेवटी काय लिहिलं होतं ते वाचलं असतं तर हा लेख निम्मा झाला असता.

मग सूचीतल्या प्रत्येक नावावरून फाइलची लिंक तयार करणारी दहा-बारा ओळींची पायथन स्क्रिप्ट लिहिली. ताईंनी नावावर टिचकी मारायची आणि आवाज सुरू. चार-सहा लिंका मारून पाहिल्या, चालल्या. मी कुडाळला परत.

दिसतंय पण उघडत नाही

दुसऱ्या दिवशी गेलो तर ताईंनी कागदावर यादीच काढून ठेवली होती. त्या म्हणाल्या, "ही बघा, हय दिसता, पण उघडणा नाय." खरंच. फोल्डर उघडला की 'गाऱ्हाणी' डोळ्यांसमोर. त्यात जाऊन हाताने टिचकी मारली की रेकॉर्डिंग वाजतं. सूचीतून गेलं की विंडोज म्हणतं, अशी फाइल नाही.

गुरुजी कोपऱ्यात बसून चहा पीत होते. म्हणाले, "गाऱ्हाणा न घालता कामाक हात लावलंस, मगे काय होतला?"

स्क्रिप्टला विचारलं, सूचीतली किती नावं सापडत नाहीत? १३७. पैकी बहुतेक 'गाऱ्हाणी' फोल्डरमधली, पण सगळी नव्हेत. पहिला संशय माझ्या सवयीप्रमाणे परवानग्यांवर. सगळ्या सारख्याच निघाल्या. मग वाटलं नावाच्या शेवटी एखादी जादा स्पेस असेल. नव्हती. मग फॉन्ट, जो कधीच दोषी नसतो पण ज्याच्यावर आम्ही सगळेच आधी आळ घेतो. पूर्वी मराठी टायपिंग म्हणजे फॉन्टच्या मागे लपवलेली इंग्रजी अक्षरं असायची, तेव्हाची ही खोड आहे.

शेवटी चिडून एक प्रयोग केला. सूचीतून 'किनाऱ्यावरची फुगडी' हे नाव कॉपी केलं आणि त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाची रिकामी फाइल बनवायला सांगितली. विंडोजने म्हणायला हवं होतं की या नावाची फाइल आहे, बदलू का? त्याने गुपचूप बनवली. आता एकाच फोल्डरमध्ये 'किनाऱ्यावरची फुगडी' दोन. कानामात्रा सारखा, एकाखाली एक. ताई म्हणाल्या, "जुळे?"

तिथे माझी ट्यूब पेटली. दिसायला सारखं आणि असायला वेगळं, म्हणजे भानगड अक्षरांच्या आत आहे.

एका अक्षराचं पोस्टमॉर्टेम

सापडणारी आणि न सापडणारी नावं शेजारी शेजारी मांडली. 'वेंगुर्ल्याची जत्रा' सापडतं. 'मिऱ्या बंदर' सापडत नाही. 'पूर्वरंग' सापडतं, 'नवऱ्या मुलीच्या ओव्या' नाही. 'सूर्याचं पद' सापडतं, 'वऱ्हाड आलं' नाही. रफार असलेली सगळी सुखरूप. आपल्या त्या चंद्रकोरीसारख्या अर्ध्या र ची सगळी गायब.

एक गोष्ट मात्र जुळत नव्हती. '०४ कुणकेश्वर', '०९ आंगणेवाडी' असल्या नावांत कुठे आहे चंद्रकोर? तरी ती हरवलेल्यांतच. अर्धा तास त्यावर घालवल्यावर उमगलं की त्यांच्या नावात नाही, पण ती ज्या फोल्डरमध्ये बसली आहेत त्याचं नाव 'गाऱ्हाणी'. घराच्या पाटीवरच पत्ता चुकीचा, मग आतल्या माणसांचं नाव बरोबर असून काय उपयोग!

लिनक्सच्या डब्यावर दोन्ही जुळ्यांची नावं बाइटमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर आत जपतो त्या कच्च्या आकड्यांत, उलगडली. माझ्या रिकाम्या फाइलमध्ये चंद्रकोरीच्या जागी तीन बाइट होते: ई०, ए४, बी१. मॅकवरून आलेल्या फाइलमध्ये सहा: ई०, ए४, बी० आणि ई०, ए४, बीसी. पुढचा हलंत दोन्हीकडे सारखाच. पहिलं म्हणजे युनिकोडमधलं (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारा तक्ता) ०९३१ क्रमांकाचं अक्षर, 'ऱ', पायात टिंब असलेला अख्खा र. इन्स्क्रिप्टवर साधा र जिथे आहे तीच कळ शिफ्टसकट दाबली की हा येतो. दुसरं म्हणजे साधा र आणि त्याच्या मागून वेगळा नुक्ता, म्हणजे ते पायातलं टिंब. पडद्यावर दोन्हींचा अर्धा र तोच, तीच कोर.

युनिकोडच्या लेखी ही दोन्ही लिखाणं एकच आहेत. त्यातलं कुठलं धरायचं यासाठी ठरवून दिलेली रूपं आहेत. एकात जोडलेलं अक्षर जोडलेलंच ठेवायचं, त्याला एनएफसी म्हणतात. दुसऱ्यात सगळं सुटं करायचं, ते एनएफडी. एचएफएस प्लस फाइलचं नाव स्वतःच सुटं करून ठेवते. तुम्ही ऱ द्या, ती र आणि नुक्ता लिहून घेते. हेतू चांगलाच होता: सारख्या दिसणाऱ्या दोन नावांच्या दोन फायली एका जागी होऊच नयेत. मी नुकत्याच केल्या तशा. नंतरची एपीएफएस नाव दिलं तसं जपते, फक्त शोधताना दोन्ही रूपं एक मानते.

विंडोजची एनटीएफएस असलं काही करत नाही, जे टाइप केलं ते ठेवते. लिनक्सला तर अक्षर ही गोष्टच माहीत नाही. त्याच्या दृष्टीने फाइलचं नाव म्हणजे बाइटची माळ. तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून काहीही चालेल. तीन बाइटची माळ वेगळी, सहाची वेगळी, विषय संपला. साम्बा मधे भाषांतर करतो ते यूटीएफ-८ आणि विंडोजच्या यूटीएफ-१६ यांच्यात (युनिकोडचे क्रमांक साठवायच्या दोन पद्धती), रूपांच्या भानगडीत तोही पडत नाही. म्हणजे प्रत्येकजण आपल्या जागी बरोबर होता. मॅकच्या सुट्या नावांची माळ जशीच्या तशी लिनक्सवर ओतली ती मी.

नेटवर या दुखण्याची उदाहरणं शोधाल तर सगळी फ्रेंच आणि जर्मन, डोक्यावर टोप्या घातलेल्या अक्षरांची. देवनागरीवाल्यांना सहसा हे कधी भेटतच नाही, आणि त्याचं कारण मजेशीर आहे. आपल्या मात्रा, उकार, हलंत युनिकोडमध्ये आधीच सुटे आहेत. 'की' हे क आणि दीर्घ वेलांटी असंच लिहिलं जातं, जोडलेलं रूपच नाही, मग सुटं काय करणार? देवनागरीच्या मूळ तक्त्यात १२८ जागा. त्यातली सुटी होऊ शकणारी अक्षरं फक्त अकरा, सगळी नुक्त्याची. आठ, बहुतेक हिंदी-उर्दूच्या कामाची, क़ ख़ ग़ ज़ ड़ ढ़ फ़ य़. उरली तीन, ऩ ऱ ऴ. मराठी माणूस रोज वापरतो ते या अकरांतलं एकच, ऱ. आणि तेही पूर्ण नाही, अर्धं. दऱ्या, वाऱ्या, किनाऱ्या, गाऱ्हाणं, वऱ्हाड, कऱ्हाड. आमच्या संग्रहात नेमका त्याच्यावर घाला.

त्या आठ अक्षरांची तऱ्हा आणखी उलटी, ती एनएफसीतही सुटीच होतात. हिंदी गाण्यांचा संग्रह असेल तर 'ज़' जोडलेलाच मिळेल अशी आशा कुठल्याच रूपात धरू नये.

दुरुस्ती, आणि तिची तालीम

आधी अख्ख्या संग्रहाची दुसऱ्या डिस्कवर नक्कल. नावं बदलण्याच्या कामात मूळ माल हाताशी नसेल तर मी खुर्चीत बसतच नाही.

नंतर कॉन्व्हएमव्ही. लिनक्सवरचं हे छोटं साधन फाइलच्या आतल्या मजकुराला हात न लावता फक्त नावाचं रूप बदलतं. त्याला सांगायचं: यूटीएफ-८ मधून यूटीएफ-८ मध्येच ने, पण एनएफसी कर, आणि आतल्या सगळ्या फोल्डरांत उतर. त्याचा मला आवडणारा स्वभाव म्हणजे ते आधी फक्त काय करणार आहे ते सांगतं, करत काही नाही. खरोखर कर असं वेगळं बजावावं लागतं. दशावतारी नट तालमीशिवाय रंगमंचावर उतरतो आणि रात्रभर संवाद मनाने रचतो. त्याला ते शोभतं. हार्ड डिस्कवर तालीम हवी.

तालमीत एक अडचण निघाली. 'किनाऱ्यावरची फुगडी' बदलायला गेलं तर त्या नावाची फाइल तिथे आधीच होती, माझी ती रिकामी जुळी. ती उडवली. तसा ताईंनीही हरवल्या समजून पेनड्राइव्हवरून तीन फायली पुन्हा टाकल्या होत्या. त्यांचे चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेले, अंगठ्याच्या ठशासारखे आकडे) मूळ फायलींशी ताडून पाहिले, तंतोतंत निघाले, मग एक-एक प्रत काढली. मग खरा प्रयोग. पाव मिनिटही लागलं नाही.

१३७ मधल्या ११२ फायली परत आल्या. त्यातल्या तब्बल ९१ फक्त एका फोल्डरचं नाव सुधारल्याने.

ताईंनी पेन घेतलं आणि यादीवर बरोबरच्या खुणा करत सुटल्या. मी निघायला बॅग भरली. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "पंचवीस उरली."

त्यातल्या चौदांमध्ये पुन्हा तीच चंद्रकोर. आता काय? बाइट पाहिले तर तिसरंच. साधा र, हलंत, आणि मग ई२, ८०, ८डी. हा शून्य रुंदीचा जोडक, पडद्यावर न दिसणारं एक चिन्ह, २००डी क्रमांकाचं. र च्या हलंतामागे हे चिन्ह ठेवलं की रफार न होता चंद्रकोर होते. हा मार्गही अधिकृतच आहे, युनिकोडने जुन्या लिखाणाशी जमवून घेण्यासाठी ठेवलेला. नेपाळीत तर हाच जास्त चालतो. या चौदा फायलींची नावं गुरुजींनी स्वतः फोनवरच्या कुठल्याशा रोमनमधून मराठी करणाऱ्या कीबोर्डने घातली होती आणि पुतण्याने ती तशीच ठेवली होती.

म्हणजे 'ऱ्या' लिहिण्याच्या तीन रीती, तिन्ही दिसायला एक. पहिल्या दोन युनिकोडच्या हिशेबात समान, म्हणून एनएफसीने त्या एकत्र आणल्या. तिसरी समान नाही. एनएफसी करा, एनएफडी करा, ती जागची हलत नाही. तिच्यासाठी पायथनमध्ये वेगळा नियम लिहिला: र, हलंत, जोडक आणि लगेच पुढे य किंवा ह असेल तरच तिथे ऱ आणि हलंत घाल. जोडक दिसला की उडव असं सरसकट केलं असतं तर कुणी मुद्दाम अर्धा ठेवलेला क पुढच्या ष ला जाऊन चिकटला असता.

कोणतं रूप ठेवायचं हा प्रश्न ताईंनी विचारला तेव्हा मी फार विचार न करता ऱ म्हणालो. न दिसणारं चिन्ह नावात ठेवणं मला पटत नाही. शिवाय त्यांचा कीबोर्ड ऱ देतो आणि सूची त्यांची आहे.

उरलेल्या अकरा

आठ फायली डब्यावर आल्याच नव्हत्या. गुरुजींना नावातच सगळी हकीकत लिहायची सवय. एक नमुना: 'कार्तिक पौर्णिमेच्या जत्रेत रात्री दोन वाजता देवळाच्या मागच्या बाजूला बसून घेतलेलं गाऱ्हाणं, मधे कुत्रा भुंकतो, शेवट तुटला आहे'. याहून चांगली नोंद मी कुठल्या संग्रहालयात पाहिलेली नाही. पण ईएक्सटी४ नावाला २५५ बाइट देते, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे, काना, मात्रा, हलंत सगळं वेगळं मोजायचं. तर ८५ चिन्हांत खेळ खलास. वरच्या नावात मोकळ्या जागा आणि विराम सोडून १०७ चिन्हं आहेत, बाइट साडेतीनशेच्या घरात. मॅकची एचएफएस प्लस आणि विंडोजची एनटीएफएस या मर्यादा २५५चीच सांगतात, पण बाइटची नव्हे, यूटीएफ-१६ च्या एककांची. तिथे देवनागरीचं चिन्ह एकच एकक. तिकडे हेच नाव एकशे तीसच्या आसपास, आरामात मावणारं. 'मर्यादा २५५' असं तिन्ही ठिकाणी वाचून आपण निश्चिंत होतो आणि तिथेच फसतो. डब्यावरची डिस्क ईक्रिप्टएफएसने कुलूपबंद केली असती तर मर्यादा १४३ बाइटवर आली असती, म्हणजे मराठीत जेमतेम ४७ चिन्हं. मी तो विचार केला होता. बरं झालं आळस केला.

आरसिंकने हे त्या रात्रीच सांगितलं होतं: नाव फार लांब, आणि शेवटी कोड २३, म्हणजे काही फायली गेल्या नाहीत. मी मोदक खात होतो.

दोन फायली विंडोजवर भलत्याच रोमन नावांनी दिसत होत्या, आठ अक्षरं आणि मधे नागमोडी रेघ. एकीचं मॅकवरचं नाव 'पद, भाग १/२'. मॅकचा फाइंडर नावात तिरकी रेघ घालू देतो, पण आरसिंकसारख्या साधनांना मॅक तिच्या जागी विसर्गासारखं द्विबिंदू दाखवतो. लिनक्सवर ते द्विबिंदूच आलं. विंडोजला द्विबिंदू नावात चालत नाही, म्हणून साम्बाने त्याला समजेल असं टोपणनाव दिलं. दुसरी फाइल 'मालवण ता.' नावाच्या फोल्डरमध्ये होती. शेवटी टिंब असलेलं नाव विंडोजला पचत नाही, तिथेही टोपणनाव. ताईंना म्हटलं, तालुका पूर्ण लिहा. मराठीतला हा टिंबाचा शॉर्टकट, कै., ता., इ., फोल्डरच्या शेवटी आला की असा बाधतो.

मग नावं इंग्रजीत का नाही?

हा सल्ला पुतण्याने दिला आणि गुरुजींनी तो ऐकल्यासारखंही केलं नाही. माझ्या धंद्यातले बहुतेकजण तोच देतील: रोमन अक्षरं, आकडे, अधोरेघ, बस्स. मला तो आता पटत नाही. रोमनमध्ये 'दर्या' आणि 'दऱ्या' एकच होतात. 'गार्हाणे' असं रोमनमधून परत वाचणारा मुंबईचा पोरगा तोंडाने काय म्हणेल देव जाणे. नाव हे आवाजाचं पहिलं वर्णन आहे, ते ज्या भाषेत आवाज आहे तिच्यात असावं.

पण फाइलची ओळख नावावर टांगणं ही माझी चूक होती. आता प्रत्येक फाइलच्या पुढे सूचीतला चार आकडी क्रमांक आहे, इंग्रजी आकड्यांत, आणि लिंक तेवढ्यावरूनच फाइल शोधते. नाव माणसाने वाचायचं. नावाची तुलना करायचीच झाली तर स्क्रिप्ट दोन्ही बाजू आधी एनएफसी करून घेते. गुरुजींची लांब हकीकत सूचीत 'टीप' या रकान्यात गेली, कुत्र्यासकट.

पुतण्याच्या मॅकवर आरसिंक नवी बसवली. मॅकसोबत आलेली २.६.९ होती, तिला नावाचं रूप बदलता येत नाही. ती सोय ३.०.० मध्ये, २००८ साली आली. आता पाठवताना तिला सांगितलं जातं की इकडची नावं मॅकच्या सुट्या यूटीएफ-८ मधली, तिकडची साध्या यूटीएफ-८ मधली. आणि रोज रात्री डब्यावर एक छोटी तपासणी चालते: एनएफसी नसलेलं नाव, र नंतरचा जोडक, २४० बाइटपेक्षा लांब, विंडोजला न चालणारं चिन्ह, शेवटचं टिंब. काही सापडलं तर सकाळी ताईंच्या पडद्यावर यादी. पहिल्या आठवड्यात दोनदा आली, दोन्ही वेळा गुरुजींच्या फोनमुळे.

एकशे सदतिसावी

सगळं झाल्यावर एक फाइल उरली होती. सूचीत 'दर्याची गाणी', डब्यावर 'दऱ्याची गाणी'. ही कुठल्याच रूपाची चूक नव्हती. एकात रफार, एकात चंद्रकोर, दोन वेगळे शब्द. एक समुद्र, दुसऱ्या दोन डोंगरांमधल्या. व्याकरणाने तपासायला गेलं तर दऱ्यांची म्हणायला हवं, पण नावं टाकताना कोण व्याकरण पाहतो! वहीत गुरुजींचं अक्षर असं की रेघ र च्या वर आहे की मधे, भिंग लावूनही कळेना. ताई म्हणाल्या, सूचीप्रमाणे करा. पुतण्या फोनवर म्हणाला, फाइलप्रमाणे, मी ऐकून नाव दिलं होतं, आंबोलीकडचं काहीतरी असणार.

मी ती लावली. सुरुवातीला नुसता खरखराट, वारा माइकवर आपटतो तसा. मग लांबून माणसांचे आवाज, एकजण ओरडतो आणि बाकीचे एका सुरात ओढतात, परत ओरडतो, परत ओढतात. मधेच पाण्याची एक लाट इतक्या जवळून फुटली की ताईंनी खुर्ची मागे घेतली.

"दर्यो," गुरुजी म्हणाले. "रापण ओढतत ती. दरी खंयची रे!"

ताईंनी माउस घेतला, फाइलवर उजवी टिचकी मारली आणि चंद्रकोर खोडून रफार घातला.